नगरपरिषदेचं पहिलं अंदाजपत्रक: पाणीपट्टी, घंटागाडी आणि सिमेंट रस्त्याचे ठराव तपासायचे कसे?

पूर्णाकाठ

21 डिसेंबर 2025 ला नगरपरिषद निवडणुकांचे निकाल लागले, नवीन नगराध्यक्ष आणि नगरसेवक बसले. प्रशासकाच्या काळानंतर लोकांनी निवडलेल्या सभागृहाचं हे पहिलंच अंदाजपत्रक. विदर्भातल्या लहान नगरपरिषदांच्या विषयपत्रिका पाहिल्या तर तीन विषय जवळपास सगळीकडे दिसतात: पाणीपट्टी वाढवणं, कचरा संकलनाचा नवीन ठेका आणि ले-आउटमधले (नव्या प्लॉट-वसाहतींतले) सिमेंट रस्ते.

ठरावाची भाषा एका ओळीची असते. "सर्वानुमते मंजूर" लिहिलं की विषय संपतो. त्या ओळीमागचा हिशोब सामान्य माणसाला तपासता यावा म्हणून चर्चेचा हा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. कोणत्याही एका गावाचं नाव नको. हिशोबापुरतं एक नमुना गाव धरू: क वर्ग नगरपरिषद, वस्ती 30,000, घरं 6,000, अधिकृत नळजोडण्या 5,000, गावात भुयारी गटार नाही, उघड्या नाल्या आहेत, माती काळी.

जमाखर्च

सुरुवात पैशापासून करते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

अंदाजपत्रक हातात आल्यावर शेवटच्या पानावरची "शिल्लक" पाहू नका. लहान नगरपरिषदांची अंदाजपत्रकं बहुतेक वेळा शिलकी दिसतात, त्याचं कारण आरंभीची शिल्लक. त्या रकमेत जुन्या योजनांचा अखर्चित निधी असतो, ठेकेदारांच्या अनामत रकमा असतात, कधी कधी मुदत ठेवीही असतात. यातला बराचसा पैसा नगरपरिषदेला मनासारखा खर्च करता येत नाही. तेव्हा पहिली मागणी अशी करा की आरंभीच्या शिलकेची योजनानिहाय फोड द्या. फोड मिळाली की खरी मोकळी रक्कम कळते, आणि ती अनेकदा फार कमी निघते.

दुसरं, महसुली जमा आणि महसुली खर्च वेगळे करून पाहा. महसुली जमेत मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुकान गाळ्यांचं भाडं, बाजार फी, विकास शुल्क आणि शासनाचं सहायक अनुदान येतं. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाल्यापासून पगाराचा भार या सहायक अनुदानावरच आहे. महसुली खर्चात पगार, वीजबिल, टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग) पावडर, डिझेल, दुरुस्ती. अनुदान बाजूला ठेवून स्वतःच्या उत्पन्नातून वीजबिल आणि देखभाल भागते का, हा एकच प्रश्न सभागृहात विचारला तरी अर्धं चित्र उघड होतं.

तिसरं, घरपट्टीच्या बिलात जे जमा होतं ते सगळं नगरपरिषदेचं नसतं. शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर हे राज्याचे. ते वसूल करून शासनाकडे भरायचे असतात. वृक्ष कर झाडांवरच खर्चायचा. हे पैसे चालू खर्चाला वापरले गेले की पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि अनुदानातून कपातीची वेळ येते. त्याशिवाय स्वउत्पन्नातून महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग कल्याण यांसाठी प्रत्येकी 5 टक्के बाजूला काढावे लागतात. दिव्यांगांचे 5 टक्के मागच्या वर्षी खरोखर खर्च झाले की नुसते तरतुदीत राहिले, ते जरूर विचारा. तरतूद दरवर्षी नवीन होते आणि मागची तशीच पडून राहते.

आता वित्त आयोग. 15व्या वित्त आयोगाचा कालावधी 31 मार्च 2026 पर्यंतचा. दहा लाखांच्या आतल्या गावांसाठी 2021 पासून त्याची वाटणी अशी: 40 टक्के अबंधित (काम नगरपरिषद ठरवते), 60 टक्के बंधित (ठरवून दिलेल्या कामांवरच). बंधितातला निम्मा स्वच्छता व घनकचऱ्याला, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पुनर्वापर यांना. अबंधित रक्कमसुद्धा पगार आणि आस्थापनेवर चालत नाही. हे अनुदान मिळवायला दोन अटी होत्या: लेखे वेळेवर ऑनलाइन प्रसिद्ध करणं, आणि मालमत्ता कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या सरासरी दरानं वाढवणं. म्हणजे घरपट्टीची ढिली वसुली दोनदा मारते, एकदा करात आणि एकदा अनुदानात.

वऱ्हाडी माणूस

ताई, सगळं बरोबर. पण पाणीपट्टी वाढवाचा ठराव पैला काऊन येते? पाणी तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी, तेही पाऊण तास. आधी पाणी द्या, मंग पट्टी वाढवा. अन् मीटर बसवा, ज्याचं जेवढं पाणी तेवढे पैसे. एवढी साधी गोष्ट आहे.

वर्धाकाठ

वऱ्हाडी भाऊ, मुद्दा रास्त आहे, पण त्याला आकड्यांचं बळ द्यायला पाहिजे. नमुना गावावर मांडतो.

भुयारी गटार नसलेल्या गावाला जुन्या मानकाप्रमाणे माणशी रोज 70 लिटर. 30,000 गुणिले 70 म्हणजे 21 लाख लिटर घरापर्यंत पोचलं पाहिजे. मान्य गळती 15 टक्के धरली तर रोज सुमारे 24.7 लाख लिटर उचलावं लागतं. पण गळती 35 टक्के असेल तर तेवढंच पाणी घरात पोचवायला 32.3 लाख लिटर उचलावं लागेल.

विजेचा हिशोब: घनमीटरमधलं पाणी गुणिले एकूण उंची मीटरमध्ये, भागिले 367, भागिले पंपाची कार्यक्षमता. येणारं उत्तर युनिटमध्ये. उंचीत नुसती टाकीची उंची धरू नका, पाइपातल्या घर्षणाची उंचीही मिळवा. एकूण 60 मीटर आणि कार्यक्षमता 60 टक्के धरली तर 24.7 लाख लिटरला रोज साधारण 673 युनिट लागतात. दर हिशोबापुरता 8 रुपये धरू, तर वर्षाचं बिल 19 ते 20 लाख. 35 टक्के गळतीत हेच रोज 880 युनिट होतात, म्हणजे वर्षाला 6 लाख रुपयांची वीज फक्त जमिनीत मुरणाऱ्या जादा पाण्यासाठी.

म्हणून ठरावाआधी तीन आकडे मागा: रोज किती लिटर उचललं, किती युनिट जळले, किती जोडण्यांना पाणी गेलं. उद्भवावर (जिथून पाणी उचलतात तिथे) बल्क मीटर, म्हणजे मुख्य लाइनवरचा मोठा मीटर, नसेल, किंवा बंद असेल, तर पाणीपट्टीचा कोणताही दर निव्वळ अंदाज आहे.

बल्क मीटर नसतानाही पंप तपासता येतो. टाकीचे खाली जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करा. एक तास पंप चालवा. टाकीतली पातळी किती सेंटिमीटर चढली ते मोजा, टाकीच्या तळाच्या क्षेत्रफळानं गुणा, किती घनमीटर आलं ते मिळतं. पंपाच्या मुखावरच्या प्रेशर गेजवर 1 किलो म्हणजे 10 मीटर. त्यात पंपापासून खाली पाण्याच्या पातळीपर्यंतचं अंतर मिळवा. वीज मीटरचं तासाआधीचं आणि नंतरचं रीडिंग घ्या. समजा 150 घनमीटर, 60 मीटर, 41 युनिट. 150 गुणिले 60 भागिले 367 म्हणजे 24.5. भागिले 41, म्हणजे पंप आणि मोटर मिळून 60 टक्के. तोच संच 72 टक्क्यांवर आणला (इंपेलर आणि वेअर रिंग हे पंपातले झिजणारे भाग बदलून, किंवा योग्य हेडचा, म्हणजे गरजेइतक्या उंचीवर पाणी चढवणारा, पंप घेऊन) तर वर्षाला सुमारे 40,000 युनिट वाचतात, म्हणजे सव्वातीन लाख रुपये.

यातली नेहमीची चूक अशी की पंप बिघडला की "मोठा एचपी" घेतला जातो. गरजेपेक्षा जास्त हेडचा पंप घेतला की ऑपरेटर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून चालवतो, कारण पूर्ण उघडला तर मोटरचा लोड वाढतो. अर्धवट बंद व्हॉल्व्हवर रोज वीज वाया जाते. पंपगृहात गेलात तर तो व्हॉल्व्ह किती आटे उघडा आहे ते आधी पाहा. आणि पॅनलमधले कपॅसिटर चालू आहेत का ते बिलावरच्या पॉवर फॅक्टरवरून (घेतलेल्या विजेपैकी किती कामी लागली त्याचं प्रमाण) कळतं. तिथे दर महिन्याला जाणारा पैसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

झाडीपट्टी

मीटरबद्दल लिहितो. मी मीटरच्या विरोधात नाही, पण क्रम चुकला की मीटर वर्षभरात कचऱ्यात जातात.

दिवसाआड किंवा चार दिवसांआड पाणी सोडलं की पाइप रिकामा होतो. पाणी सुटताना आधी हवा जोरात बाहेर येते आणि ती मीटर फिरवते. ग्राहकाला न वापरलेल्या पाण्याचं बिल येतं, तक्रारी होतात, मग लोक मीटर काढून ठेवतात. पाठोपाठ पाइपातला गाळ येतो आणि मीटरची चाकी जाम होते. शिवाय कमी दाबामुळे घरोघरी टिल्लू पंप लागलेले असतात. ते थेट लाइनमधून ओढतात, शेवटच्या घराला थेंब मिळत नाही, आणि ओढीमुळे नालीतून गेलेल्या नळीच्या भेगेतून घाण पाणी आत शिरतं. पावसाळ्यात कावीळ आणि गॅस्ट्रोची साथ एखाद्या गल्लीपुरती येते तेव्हा पहिला संशय याच जागेवर घ्यावा.

क्रम असा असावा. आधी उद्भवावर आणि प्रत्येक टाकीच्या आउटलेटवर बल्क मीटर. नंतर गावाचे झोन, प्रत्येक झोनला एकच आत येणारी लाइन आणि एकच व्हॉल्व्ह. उंच जागी एअर व्हॉल्व्ह. मग नालीतून जाणाऱ्या घरजोडण्या उचलून नालीच्या वरून किंवा केसिंगमधून (बाहेरच्या संरक्षक पाइपातून) घेणं. त्यानंतर ज्या झोनमध्ये दाब टिकतो तिथेच घरगुती मीटर. पूर्ण गावात एकाच निविदेत 5,000 मीटर बसवायचा ठराव आला तर हे सगळं आधी झालंय का, ते विचारा. वाचक कोण, बंद मीटर किती दिवसांत बदलणार, बंद काळाचं बिल कसं लावणार, हेही ठरावातच लिहून घ्या.

जमाखर्च

पाणीपट्टीच्या दरात आणखी एक गोष्ट दडलेली असते. समजा पाणीपुरवठ्याचा वर्षाचा सगळा चालू खर्च 75 लाख आहे. 5,000 जोडण्यांनी भागलं तर जोडणीमागे 1,500 रुपये. पण वसुली 60 टक्केच असेल तर भरणाऱ्यावर तो भार 2,500 होतो. म्हणजे दरवाढ कुणावर पडते, तर वेळेवर भरणाऱ्यावर. म्हणून दराच्या ठरावासोबत वॉर्डनिहाय थकबाकीची यादी आणि अनधिकृत जोडण्या नियमित करण्याची मोहीम जोडलेली असली पाहिजे. 6,000 घरं आणि 5,000 जोडण्या. उरलेल्या 1,000 घरांतल्या किती घरांत नळ आहे पण नोंद नाही, याची मोजणी घरपट्टीच्या नोंदवहीवरून आठवडाभरात होते.

मी दरवाढीच्या विरोधात नाही. चालू खर्च भागत नसेल तर पट्टी वाढलीच पाहिजे, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात मोटर रिवाइंडिंगलाही पैसे नसतात. पण खर्चाचा ताळा जाहीर न करता वाढ नको.

वऱ्हाडी माणूस

हे पटलं. वीज, गळती अन् वसुलीचे आकडे आधी, दर नंतर. अजून एक विचारतो. आमच्या भागात बोअर मारून पाणी वाढवाचा प्रस्ताव आहे. बंधित निधी पाण्यावरच खर्चायचा तर बोअर सोपं पडते म्हणतात.

पूर्णाकाठ

खारपाणपट्ट्यात असाल तर तो पैसा खाऱ्या पाण्यात जाईल. अकोला, अमरावती आणि बुलडाण्यातल्या पूर्णा खोऱ्यात खोल गेलं की क्षार वाढतात. भारतीय मानक 10500 प्रमाणे विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. त्यापलीकडचं पाणी धरणाच्या पाण्यात मिसळून "पातळ" करायची पद्धत दिसते. अशानं सगळ्या गावाचं पाणी बिघडतं. यवतमाळ, चंद्रपूरकडे क्षारापेक्षा फ्लोराइडचा धोका. तिथे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, 1.5 ही शेवटची हद्द. नायट्रेट 45. बोअरचा ठराव असेल तर जवळच्या चालू बोअरचा प्रयोगशाळेचा अहवाल ठरावाला जोडलेला हवा, तोही एप्रिल-मे मधल्या नमुन्याचा. पावसाळ्यानंतर लगेच घेतलेला नमुना गोड निघतो.

बंधित निधीतून बोअरपेक्षा गळकी वितरण नलिका बदलणं, बल्क मीटर, फिल्टरची वाळू बदलणं ही कामं जास्त काळ टिकतात. अमृत 2.0 या केंद्राच्या शहरी पाणी योजनेत एक लाखाच्या आतल्या गावांना केंद्राचा निम्मा वाटा आहे, त्यामुळे मोठी नलिका तिथे आणि झोन, व्हॉल्व्ह, मीटर इथे, अशी वाटणी करता येते. फक्त दोन्हीकडे एकच काम दाखवलेलं नाही ना, ते पाहावं.

पैनगंगा

टीसीएलवर कुणीच लिहिलं नाही. रोज 24.7 लाख लिटरला 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम) मात्रा म्हणजे 4.9 किलो शुद्ध क्लोरीन. पावडरमध्ये उपलब्ध क्लोरीन 25 टक्के धरलं तर रोज जवळपास 20 किलो, वर्षाला सात टनांच्या पुढे. खरेदीच्या आकड्याशी हे ताडून पाहा. फार कमी खरेदी असेल तर मात्रा पडत नाही. फार जास्त असेल तर पावडर कस नसलेली येते किंवा कागदावरच येते.

आपल्याकडच्या उन्हात कस फार लवकर उतरतो. टिनाच्या खोलीत, उघड्या तोंडाची बॅग, 45 अंशांचा मे महिना: काही आठवड्यांत ती पावडर नुसता चुना राहते. म्हणून वर्षाची खरेदी एकदम नको, दोन-अडीच महिन्यांच्या हप्त्यांनी हवी. प्रत्येक हप्त्याचा उपलब्ध क्लोरीनचा चाचणी अहवाल हवा, आणि पैसे त्या टक्केवारीवर द्यावेत, नुसत्या वजनावर नाही. तपासणी टाकीखालच्या नळाला करून उपयोग नाही. ओटी टेस्ट (पाण्यात उरलेलं क्लोरीन मोजायची चाचणी) शेवटच्या घराच्या नळावर करायची, तिथे किमान 0.2 पीपीएम उरलं पाहिजे.

मोजमाप

आता रस्ते. मार्च जवळ आला की हा विषय तापतो, आणि नेमका तेव्हाच सिमेंट रस्ता करू नये असा काळ असतो. निधी परत जाईल म्हणून कार्यादेश मार्चच्या शेवटी निघतात, काँक्रीट एप्रिल-मे मध्ये पडतं. त्या दिवसांत क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला) पाणी नाही, दुपारी पृष्ठभाग तासाभरात वाळतो, बारीक भेगा पडतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात वरचा थर सुटायला लागतो. उन्हाळ्यात करावंच लागलं तर पहाटे किंवा संध्याकाळी टाकायचं, ओली गोणपाटं लगेच, दुसऱ्या दिवसापासून मातीचे वाफे करून पाणी तुंबवायचं, किमान 14 दिवस. त्या पाण्याचा टँकर ठेकेदाराच्या खर्चात हवा. गावाच्या पिण्याच्या टाकीतून घेतला जातो का, त्यावर लक्ष ठेवा.

ठरावाआधी विचारायचा पहिला प्रश्न: ले-आउट नगरपरिषदेकडे हस्तांतरित झालंय का? रस्ते आणि खुली जागा नगरपरिषदेच्या नावावर नसतील तर तिथला खर्च लेखापरीक्षणात अडकतो, आणि ज्यानं विकास करून द्यायचा होता तो सुटतो.

दुसरा प्रश्न क्रमाचा. आधी पाण्याची नलिका, मग नाली, शेवटी रस्ता. रस्ता आधी झाला तर सहा महिन्यांत नळासाठी तोच कापला जातो. नलिका लगेच शक्य नसेल तर काँक्रीटच्या खालून दर 15 मीटरवर 110 किंवा 160 मिलिमीटरचा रिकामा पीव्हीसी पाइप आडवा टाकून ठेवा आणि त्याची जागा कडेला रंगानं खुणवा. खर्च किरकोळ, पण कामाच्या अंदाजपत्रकात तो बाब म्हणून नसेल तर कुणी टाकत नाही.

तिसरा, उंची. जुन्या रस्त्यावर खरडल्याशिवाय नवीन थर टाकला की रस्ता घराच्या ओट्याच्या वर जातो आणि पहिल्याच पावसात पाणी घरात शिरतं. कामाआधी घरांच्या जोत्याच्या पातळ्या घेऊन अंदाजपत्रकात खोदाई धरली पाहिजे.

चौथा, काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. तिच्यावर थेट खडी टाकली तर काँक्रीट कितीही चांगलं असलं तरी पाटी मधोमध तडकते. वरची माती काढून चांगल्या मुरमाचा थर, पाणी मारून रोलरनं दाबलेला, मग खडीचा थर, मग काँक्रीट. ठेकेदाराची बचत बहुतेक मुरमातच होते, कारण एकदा झाकला की दिसत नाही. काँक्रीट पडायच्या आधी खड्डा करून थराची जाडी टेपनं मोजा.

हिशोब: 100 मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाड, म्हणजे 52.5 घनमीटर काँक्रीट. एम-30 या प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण पावणेआठ ते आठ बॅगा, म्हणजे या रस्त्याला 400 बॅगांच्या आसपास सिमेंट लागलंच पाहिजे. 50 घनमीटरच्या पुढे गेल्यामुळे किमान 5 नमुने, प्रत्येकी 3 ठोकळे, म्हणजे 15 ठोकळे. 28 दिवसांची ताकद चौरस मिलिमीटरला 30 न्यूटन. ठोकळे रस्त्याच्या मिश्रणातूनच भरले जावेत, ते भरताना नगरपरिषदेचा अभियंता हजर हवा आणि ठोकळ्यावर तारीख कोरलेली हवी. सांधे दर तीन ते चार मीटरवर, काँक्रीट पडल्यापासून त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी मशिननं कापायचे, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतके खोल. उशीर झाला की रस्ता स्वतःच वाकडातिकडा तडकून सांधा करून घेतो.

वऱ्हाडी माणूस

अन् नाली? रस्ता झाला की नाली वर अन् रस्ता खाली, असं दिसते.

मोजमाप

नालीच्या तळाचा उतार आधी ठरतो, रस्ता त्यावरून. शेवटच्या टोकाला पाणी कुठं जाणार, नाला किती खोल आहे, तिथून उलटं मोजत यायचं. वॉर्डापुरता 60 मीटरचा तुकडा मंजूर होतो आणि पुढचा वॉर्ड दुसऱ्या नगरसेवकाचा, म्हणून नाली मध्येच संपते. असा तुकडा मंजूर करूच नये. संपूर्ण उताराचा एकच आराखडा करून टप्पे पाडावेत, आणि पहिला टप्पा खालच्या टोकाचा असावा.

झाडीपट्टी

घंटागाडीचा हिशोब. लहान गावात माणशी 300 ग्रॅम धरू, रोज 9 टन. छोट्या चारचाकीत एका खेपेला ओला-सुका मिळून 600 ते 700 किलो. म्हणजे 14 खेपा, दोन खेपांच्या हिशोबानं 7 गाड्या. एका गाडीकडे सुमारे 860 घरं, घरामागे 30 सेकंद धरले तरी सात तास. निविदेत 4 गाड्या लिहून "रोज 100 टक्के घरं" अशी अट घातली असेल तर ती पाळली जाणारच नाही, आणि दंडही लागणार नाही.

पैसे कशावर द्यायचे यात खरा खेळ आहे. खेपेवर दिले तर अर्धी गाडी डेपोवर रिकामी होते. टनावर दिले तर नालीतला गाळ, माती, पाडकामाचा राडा भरून वजन वाढवलं जातं. माझ्या मते घरावर द्यावेत: रोज किती घरांतून वेगळा केलेला कचरा उचलला, त्याची क्यूआर नोंद, आणि वजनकाट्याची पावती फक्त ताळ्यासाठी. गाळ आणि राडा वेगळ्या दरानं, वेगळ्या गाडीनं. काटा बंद असलेल्या दिवसांचं काय, हे करारात लिहिलेलं नसतं आणि मग काटाच जास्त दिवस बंद राहतो. तो दिवस मागच्या 30 दिवसांतल्या सर्वांत कमी वजनानं धरावा.

पैनगंगा

सफाई कामगारांचं वेतन विसरू नका. ठेक्याचा दर किमान वेतन अधिक भविष्य निर्वाह निधी यांच्या बेरजेपेक्षा कमी आला तर तो "सर्वांत कमी दर" म्हणून मंजूर करायचा नसतो. तो फरक कामगाराच्या खिशातून किंवा गैरहजर माणसांच्या नावावरून निघतो. मासिक बिलासोबत निधी भरल्याचं चलन आणि कामगारांच्या बँक खात्यात पगार गेल्याचा पुरावा, ही अट ठेवा. हातमोजे, बूट, उन्हाळ्यात पहाटेची पाळी, हेही करारातच.

खताबद्दल: ओला कचरा 4 ते 5 टन येईल. ढिगात ओलावा 50 ते 60 टक्के लागतो, मुठीत दाबला तर ओल लागावी पण पाणी टपकू नये. आपल्याकडे मार्च ते जून ढीग तीन दिवसांत कोरडा पडतो आणि प्रक्रिया थांबते. म्हणून शेड आणि पाण्याची सोय नसेल तर नुसतं खतखड्ड्याचं बांधकाम मंजूर करू नये. आठवड्याला एकदा पलटी, आतलं तापमान 55 ते 65 अंश, साधारण दीड महिन्यात खत. चाचणीत पास झालं तर हरित महासिटी कंपोस्ट या राज्याच्या नाममुद्रेखाली विकता येतं, आणि संत्रा-कपाशीच्या पट्ट्यात मागणी आहे. प्लॅस्टिकचे आणि काचेचे तुकडे राहिले तर शेतकरी दुसऱ्यांदा घेत नाही.

जमाखर्च

घरपट्टीच्या फेरआकारणीच्या नोटिसा येतील त्याबद्दल. वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. ती वजावट झाली का ते पाहा. मोजमाप, बांधकामाचा प्रकार (टिनाचं घर आरसीसी म्हणून लागतं), वापर (घरातली छोटी किराणा खोली असेल तर फक्त तेवढीच व्यावसायिक) आणि बांधकामाचं वय, या चार ठिकाणी चुका होतात. हरकत लेखी, मुदतीत, पोचपावती घेऊन. सुनावणीला जाताना स्वतः टेपनं मोजलेला नकाशा न्या. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) लागते, तेव्हा वाद असला तरी वाद नसलेली रक्कम भरून टाकलेली बरी.

पूर्णाकाठ

आता प्रक्रिया. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी, विशेष सभेची तीन दिवस आधी नगरसेवकांना मिळते. म्हणजे विषयपत्रिका त्याच दिवशी वॉर्डाच्या नगरसेवकाकडून घेता येते. सभा साधारणपणे लोकांना खुली असते, बसून ऐकता येतं. मोठ्या खर्चाचा विषय "ऐनवेळचे विषय" मध्ये आला तर नगरसेवकाला तिथेच लेखी विरोध नोंदवायला सांगा. नुसतं तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही.

ठराव बेकायदेशीर वाटला तर 1965 च्या अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. अर्जात ठराव क्रमांक, तारीख, कोणत्या तरतुदीचा भंग आणि कोणतं नुकसान, एवढंच लिहा. कार्यादेश निघून काम सुरू झाल्यावर अर्ज केला तर हाती फारसं लागत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज: 10 रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, उत्तर 30 दिवसांत. "संपूर्ण माहिती द्या" असं लिहिलं की नकार येतो. कागदाचं नाव लिहा. रस्त्यासाठी: तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, ठोकळ्यांचा अहवाल, दोष दायित्व कालावधीची (ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करून द्यायच्या मुदतीची) अट. प्रती मागण्याआधी अभिलेख पाहण्याची मागणी करा, पहिला तास विनाशुल्क असतो. फाइल पाहताना कोणती पानं हवी ते ठरतं.

मोजमाप

फाइल पाहताना एक तपासा: मोजमाप पुस्तिकेतली काँक्रीटची नोंद आणि ठोकळे भरल्याची तारीख जुळते का. 28 दिवसांच्या अहवालाआधी अंतिम देयक निघालं असेल तर ते तिथेच टिपून घ्या. आणि दोष दायित्वाचा कालावधी संपायच्या दोन महिने आधी तडे, उखडलेले भाग यांचे फोटो तारखेसह मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या. सुरक्षा ठेव परत गेल्यावर ती दुरुस्ती नगरपरिषदेच्या खर्चात येते.

वऱ्हाडी माणूस

सभेची नोटीस निघाली की मी विषयपत्रिका इथं टाकतो. पाणीपट्टीच्या विषयासाठी बल्क मीटर, युनिट अन् थकबाकी, तीनही आकड्यांचा वेगवेगळा अर्ज उद्याच देतो.

जमाखर्च

तीन अर्ज नको. पहिले दोन पाणीपुरवठा विभागाचे, एकाच विषयात बसतात. थकबाकी कर विभागाकडे असते, तिचा अर्ज वेगळा. आणि आर्थिक वर्ष स्पष्ट लिहा, 2024-25 आणि 2025-26, नाहीतर एकाच महिन्याचा आकडा देऊन मोकळे होतात.